आंब्याखाली नेच्यांचा (फर्नचा) कोपरा: मे महिन्यात टिकेल का?

वावरवाला: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. ग्रामपंचायतीच्या बागेत जुन्या विहिरीला लागून 10 बाय 12 फूट जागा रिकामी आहे. शहरातल्या बागांत असतो तसा नेच्यांचा शांत कोपरा करायचा, लोकांनी घडीभर बसावं म्हणून. माती काळी, पाणी बोअरचं, मे महिन्यात पारा 45 च्या वर. एका अंगाला आंबा, दुसऱ्या अंगाला साग. चिखलदऱ्याहून रोपं आणली तर जगतील का?

माळीकाम: जमते भाऊ, पण सागाच्या बाजूला नको. ऐन उन्हाळ्यात तो बोडका होतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच नसते. आंबा पानं धरून असतो. त्याच्या बुंध्यापासून 4-5 फूट सोडून वाफा घ्या.

काळ्या मातीत थेट लावाल तर पावसाळ्यात मुळं कुजतील आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की तुटतील. विटा लावून 8 इंच उंच वाफा करा. तळाला 2 इंच विटांचे तुकडे, त्यावर 2 भाग कुजलेला पालापाचोळा, 1 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग जाड रेती. लागवड जुलैत, दोन रोपांत दीड फूट. जिथून नवीन पानं फुटतात तो गड्डा मातीत गाडू नका, सडतो. युरिया तर टाकूच नका.

हिरवाओटा: सुरुवात नर्सरीत ‘बोस्टन फर्न’ म्हणून मिळणाऱ्या नेफ्रोलेपिसनं करा. तो धुमाऱ्यांनी पसरतो, वाफा आपोआप भरतो. हंसराज हा दुसरा नेचा दिसायला देखणा, पण गरम वारा लागला की दोन दिवसांत कुरकुरीत होतो. नंतर बघा.

खरी मेख बोअरच्या पाण्यात आहे. क्षारांनी पानांची टोकं करपतात, मातीवर पांढरा थर येतो. विहिरीचं पाणी गोडं असेल तर तेच द्या, पावसाचं साठवलेलं त्याहून बरं. मार्च ते जून सकाळ-संध्याकाळ, आणि पश्चिमेला हिरवी जाळी बांधाच. आंब्याची सावली दुपारची तिरपी झळ अडवत नाही.

माळीकाम: चिखलदऱ्याचं राहिलं. तिथं उंची हजार मीटरच्या वर, हवा वेगळी. तिथली रोपं खाली तग धरत नाहीत. शिवाय मेळघाटच्या राखीव जंगलातून झाड उपटणं गुन्हा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊन ओल्या दरडींवरचे नेचे नुसते बघून या. त्याआधी तुमच्या विहिरीतच डोकावा. जुन्या चुन्याच्या सांध्यांत टेरिस नावाचा नेचा बरेचदा आपसूक उगवतो.

वावरवाला: पानाखाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर फवारणी कोणती?

हिरवाओटा: कोणतीच नाही. रांग सारखी नि नीट असेल तर ती बीजाणूंची (ज्यांतून नवे नेचे उगवतात), रोग नाही. ठिपके वेडेवाकडे, देठावरही, आणि नखानं खरवडल्यावर चिकट लागले तर खवले कीड. ओल्या फडक्यानं पुसा. बसायचा ओटा वाफ्यापासून 2 फूट लांब ठेवा. ओलाव्याला विंचू येतात, विटांच्या फटी बुजवून घ्या.