तुम्ही ज्यांची वाट पाहत आहात, ती मी नव्हे

मंदाकिनी :
'मॅन अप' हा २०१५ सालचा ब्रिटिश प्रेमविनोदी चित्रपट काल दुसऱ्यांदा पाहिला आणि पुष्कळ वर्षांपूर्वीचा एक प्रसंग इतका लख्ख आठवला, की तो लिहिल्याशिवाय राहवेना. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातल्या मोठ्या घड्याळाखाली जॅक एका अनोळखी तरुणीची वाट पाहत असतो आणि ओळखीची खूण म्हणून तिच्या हातात एक ठरावीक पुस्तक असणार असते. तेच पुस्तक आगगाडीतल्या सहप्रवासिनीमुळे नॅन्सीच्या हाती आलेले असते, त्यामुळे जॅक नॅन्सीलाच ती तरुणी समजतो आणि नॅन्सीही त्याचा समज दूर करत नाही. पटकथालेखिका टेस मॉरिस यांना त्याच घड्याळाखाली एका पुरुषाने असेच दुसरी कोणी समजून विचारले होते. त्यांनी प्रत्यक्षात नकार दिला. होकार दिला असता तर काय झाले असते, या विचारातून हा चित्रपट जन्मला.

माझ्या प्रसंगात पुस्तक नव्हते, फक्त ठरलेली जागा होती. एका ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मी मैत्रिणीची वाट पाहत असताना एक गृहस्थ आले आणि, "तुम्ही वेळेआधीच आलात, मला वाटले होते मलाच थांबावे लागेल," असे म्हणून शेजारी बसले. त्यांनी इतक्या विश्वासाने बोलायला सुरुवात केली, की हे सारे आपल्यासाठी नाही हे माझ्या ध्यानात येईपर्यंत आईच्या आजारपणाविषयी आणि या भेटीसाठी गोळा केलेल्या धैर्याविषयी ते बरेच काही सांगून गेले होते. मी त्यांना थांबवून म्हणाले, "तुम्ही ज्यांची वाट पाहत आहात, ती मी नव्हे." ते एकदम उठून उभे राहिले, पण जाण्याआधी त्यांनी विचारले, "मग एवढे सांगाल का, मी जे बोललो ते ठीक होते ना? त्या आल्यावर हेच बोलायचे आहे." मी मनापासून होकार दिला. पुढे त्यांचे काय झाले ते मला कळलेले नाही, पण ते सुखात असावेत असे आजही वाटते.

गैरसमजातून का होईना, दोन माणसे काही काळ मोकळेपणाने बोलतात, आणि खरा पेच उभा राहतो तो खुलासा कोणत्या क्षणी करायचा याचा. आपल्यालाही कोणी दुसरेच कोणी समजून भेटले असेल, किंवा आपण ज्यांना भेटायला गेलात ती व्यक्ती वेगळीच निघाली असेल, तर तो खुलासा कसा झाला, हे अवश्य लिहावे.

शब्दवेडा :
माझ्या बाबतीत खुलासा पहिल्याच दिवशी केला होता, पण त्यावर विश्वास बसला नाही. आमच्या कार्यालयात माझ्याच नावाचा आणि आडनावाचा आणखी एक जण होता, आणि त्याच्यासाठी असलेले एका मुलीचे संदेश मला येऊ लागले. "मी तो नाही, क्रमांक पुन्हा तपासावा," असे मी लगेच कळवले. अडचण अशी, की तो गृहस्थ सतत थट्टा करणारा होता, त्यामुळे माझे उत्तरही तिला त्याची थट्टाच वाटली आणि तिचे संदेश अधिकच आपुलकीचे होत गेले. शेवटी मी ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले, तेव्हा कुठे तिची खात्री पटली. तिने एकच विनंती केली, की तिने लिहिलेले त्याला दाखवू नये, आणि मी ती पाळली. पुढे त्या दोघांचा विवाह झाला, त्याला मी आनंदाने हजर होतो.

श्रावणसर :
मंदाकिनीताई, त्या गृहस्थांचा प्रश्न वाचून पोटात कालवले. एवढे विचारायलाही मन निर्मळ लागते.

चित्रपटाविषयी मात्र एक तक्रार नोंदवते. नॅन्सीचा शाळेतला वर्गमित्र शॉन वर्षानुवर्षे तिचा ध्यास घेऊन बसलेला असतो आणि ती दुसऱ्याच कोणाच्या नावाने जॅकसोबत आली आहे हे कळताच त्या गुपिताच्या बळावर तिला कोंडीत पकडतो. हा भाग हसण्यावारी नेला आहे. ज्या मुलीला खऱ्या आयुष्यात असा पाठलाग सोसावा लागला आहे, तिला तिथे हसू येत नाही, मला तर मुळीच आले नाही. शेवटी नॅन्सी जॅकला सत्य सांगून टाकते, ही त्या भागातली मला पटलेली एकमेव गोष्ट आहे.

उत्तररात्र :
माझा अनुभव चेहऱ्याच्या गोंधळाचा नाही, शब्दांच्या गोंधळाचा आहे. एका परिचिताशी काही महिने संदेशांतून बोलणे चालू होते. तो लिहीत असे ते फार सुंदर असे. मी एखाद्या कवितेचा उल्लेख केला, तर त्यातली मला न दिसलेली बाजू तो दाखवून देई. मी दिवसभराच्या कामाने वैतागले असेन, तर उपदेश न करता दोनच ओळी अशा लिही की वैताग उतरून जाई. प्रत्यक्ष भेटीत तो मितभाषी असे, आणि त्याचे मला काही वाटत नसे, कारण लिहिताना मोकळी होणारी आणि समोर अवघडणारी माणसे मी पाहिलेली आहेत.

पण हळूहळू लक्षात येऊ लागले, की रात्री ज्यावर तासभर लिहिणे झाले त्याची सकाळी त्याला आठवणच नसते. मी म्हणत असे, "काल तू त्या नदीविषयी लिहिलेस ते माझ्या मनातून जात नाही," आणि तो हसून विषय बदलत असे. शिवाय संदेशांत स्वल्पविराम आणि अर्धविराम अगदी जागच्या जागी असत, तर त्याने स्वहस्ते लिहून दिलेल्या चिठ्ठीत एकही विरामचिन्ह नसे. अखेर मी सरळ विचारले. त्याने खोटे सांगितले नाही. संदेश त्याचा खोलीतला मित्र लिहीत होता, कारण याला स्वतःच्या लिहिण्यावर विश्वास नव्हता.

एदमों रोस्तां या फ्रेंच नाटककाराने 'सिरानो द बर्जराक' या १८९७ सालच्या नाटकात नेमकी हीच परिस्थिती रंगवली आहे: प्रेयसी एकच, देखणा चेहरा एकाचा आणि पत्रांतले शब्द दुसऱ्याचे. त्या कथानकावर पुढे कितीतरी प्रेमविनोदी चित्रपट निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकांत शेवटी नायिका शब्दांच्या मालकाकडे जाते. मी कोणाकडेच गेले नाही. ज्याने नाव दिले त्याने शब्द दिले नाहीत, आणि ज्याने शब्द दिले त्याने माझी खासगी दुःखे दुसऱ्याच्या नावामागे बसून वाचली. दोघांनाही माझ्या संमतीची आवश्यकता वाटली नाही, ही गोष्ट मला चित्रपटांतल्या गोड शेवटांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

कोरा कागद :
उत्तररात्र, तुम्ही लिहिलेले दोनदा वाचले. विचारणे अनुचित वाटत असेल तर उत्तर देऊ नका, पण त्या लिहिणाऱ्या मित्राने नंतर कधी स्वतःच्या नावाने लिहिले का?

उत्तररात्र :
अनुचित मुळीच नाही. त्याने एकदा लिहिले आणि त्या पत्रात क्षमा मागितली होती. पत्र त्याच्या नेहमीच्या शैलीतले, अर्धविरामांसह होते, त्यामुळे तेच सर्वांत जास्त लागले. मी उत्तर पाठवले नाही.

जुळी :
नावावरून कळलेच असेल. माझी बहीण आणि मी एकसारख्या दिसतो, आणि तिला प्रथमच भेटायला आलेला मुलगा फुले घेऊन थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी लगेच, "ती आत आहे, मी तिची बहीण," असे सांगितले. तो गोंधळला, पण फुले परत न घेता म्हणाला, "मग ही तुम्हालाच राहू द्या, तिच्यासाठी दुसरी आणतो." घरात सगळ्यांना तो तिथेच आवडला.

जुळ्यांवरच्या प्रेमकथांबद्दल मात्र मला तळमळीने काही सांगायचे आहे. शेक्सपियर स्वतः जुळ्या मुलांचा पिता होता. त्याचे हॅम्नेट आणि ज्युडिथ १५८५ साली जन्मले. तरीही त्याच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये ऑलिव्हिया पुरुषवेशातल्या ज्या तरुणीवर अनुरक्त असते तिच्याऐवजी तिच्या जुळ्या भावाशी विवाह करून बसते आणि सगळे सुखाने मार्गी लागल्यासारखे दाखवले जाते. नाटक म्हणून मला ते अतिशय प्रिय आहे, पण चेहरा सारखा म्हणजे माणूस बदलून चालतो, ही कल्पना आम्हा जुळ्यांना जिव्हारी लागते. माझ्या मेव्हण्याला आज पाठमोऱ्या चालीवरून, दाराबाहेरच्या खोकल्यावरूनसुद्धा आम्हा दोघींतला फरक ओळखता येतो.

नाट्यवेल्हाळ :
जुळीताईंच्या तक्रारीत तथ्य आहे, तरी गैरसमजाची नाटके मला अत्यंत जवळची आहेत. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ साली रंगभूमीवर आले, आणि त्याचे मूळ मोलिएरच्या प्रहसनात आहे. रेवती मूर्च्छित होते, तिच्याजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती फाल्गुनरावांच्या पत्नीच्या, कृत्तिकेच्या हाती लागते, आणि तिच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनरावांचा संशय भडकतो. एका छोट्या तसबिरीभोवती चार माणसांचा सगळा मनस्ताप फिरतो, आणि प्रत्येकाला वाटते की आपण तर डोळ्यांनी पाहिले आहे. आज भेटीगाठींच्या अ‍ॅपवर छायाचित्र पाहून माणसाविषयी मते बांधली जातात, तेव्हा मला हमखास फाल्गुनराव आठवतात.

सावली :
छायाचित्राचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या अ‍ॅपवरील ओळखपानावर पहिले छायाचित्र मैत्रिणीसोबतचे होते. एकाशी पंधरवडाभर उत्तम संवाद झाला, आवडी जुळल्या, भेट ठरली. मी समोर जाऊन बसल्यावर त्याने आधी माझ्या मागे पाहिले आणि मग विचारले, "त्या नाही आल्या?" तो इतके दिवस माझ्याशी बोलत होता, पण डोळ्यांपुढे माझी मैत्रीण होती. त्याने सभ्यपणे कॉफी संपवली, वाईट असे काहीच बोलला नाही, आणि पुन्हा संदेश आला नाही. माझे शब्द तेच होते, विनोद तेच होते, तरी चेहरा बदलल्यावर त्यांची किंमत शून्य झाली, याचे दुःख मला बराच काळ पुरले. चित्रपटांत अशा वेळी नायक थांबतो आणि तासाभरात प्रेमात पडतो. मला तेवढ्यासाठीच हे चित्रपट पाहावेसे वाटतात.

श्रावणसर :
सावली, तो कॉफी संपवून उठला ते त्याचे दुर्दैव. तुम्ही इथे लिहिलेल्या परिच्छेदावरूनच तुमच्याशी गप्पा मारायला किती छान वाटेल हे कळते आहे.

नाट्यवेल्हाळ :
सावलीताई, त्या सभ्यपणाने झालेली जखम उघड अपमानापेक्षा अधिक खोल असते, हे मी समजू शकतो. जाता जाता सर्वांसाठी एक काळजीची गोष्ट लिहितो. अनवधानाने झालेला गैरसमज वेगळा आणि दुसऱ्याचे छायाचित्र लावून मुद्दाम केलेली फसवणूक वेगळी. माझी पुतणी अशा एका खोट्या ओळखीत गुंतत चालली होती. छायाचित्र टाकून शोध घेतल्यावर ते भलत्याच माणसाचे निघाले. भेटीआधी एकदा व्हिडिओवर बोलावे, पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी ठेवावी, घरच्यांपैकी एकाला कळवावे आणि भेटीपूर्वीच पैशांची गोष्ट निघाली तर संवाद तिथेच थांबवावा.

शब्दवेडा :
खुलाशाच्या क्षणावरून 'व्हाइल यू वेअर स्लीपिंग' या १९९५ सालच्या चित्रपटाची आठवण झाली. रुळांवर पडलेल्या पीटरला ल्यूसी वाचवते, तो बेशुद्धावस्थेत जातो आणि एका परिचारिकेच्या गैरसमजामुळे त्याचे कुटुंब ल्यूसीला त्याची वाग्दत्त वधू समजते. तिला सांगण्याची संधी अनेकदा मिळते, पण एकटी राहणारी ती मुलगी त्या घराच्या मायेत गुंतत जाते. माझ्या मते तिच्या मौनाला दोष देता येत नाही.

श्रावणसर :
इथे माझा मतभेद आहे. ल्यूसीविषयी मलाही अपार माया वाटते, पण त्या घरातली माणसे आपले सर्वस्व ज्या नात्यावर विश्वासून तिला देत असतात, ते नाते अस्तित्वातच नसते. विवाहविधी सुरू असताना ती सर्वांसमोर उभी राहून सत्य सांगते, म्हणून मी तिला क्षमा करते. तिने ते सांगितले नसते, तर हा चित्रपट मला सहन झाला नसता.

कोरा कागद :
या सर्वांचा पूर्वज म्हणावा असा चित्रपट म्हणजे अर्न्स्ट लुबिच यांचा १९४० सालचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. बुडापेस्टमधल्या एका दुकानात काम करणारे दोघे दिवसभर भांडतात आणि नकळत एकमेकांनाच निनावी प्रेमपत्रे लिहितात. मूळ नाटक मिक्लोश लासलो यांचे, आणि त्याच कथेवरून १९९८ साली नोरा एफ्रन यांनी पत्रांच्या जागी ईमेल आणून 'यू हॅव गॉट मेल' केला. मंदाकिनीताई, तुम्ही सांगितलेल्या चित्रपटाप्रमाणे या दोन्हींतही ओळखीची खूण पुस्तकच आहे. लुबिच यांच्या चित्रपटात ते 'अ‍ॅना कॅरेनिना' आहे आणि सोबत तांबडे कार्नेशनचे फूल.

मला त्यात एकच गोष्ट खुपते. नायकाला सत्य आधी कळते आणि तो ते बराच काळ स्वतःपाशी ठेवतो, त्यामुळे उत्तररात्र यांना जे भोगावे लागले त्याचीच सौम्य आवृत्ती ती नायिका भोगत असते. पण लुबिच यांनी शेवटी तिला एक सुंदर अधिकार दिला आहे. पत्रांतला माणूस हाच, हे उमगल्यावर ती लगेच मिठीत जात नाही. ती त्याला विजार वर उचलून पाय दाखवायला सांगते, कारण त्याचे पाय वाकडे असल्याची शंका तिने आधीच बोलून दाखवलेली असते. तो निमूटपणे दाखवतो, ते सरळ निघतात, आणि मगच ती पुढे होते.