मोटर प्रथिनं फक्त हमाली करत नाहीत

मोटर प्रथिनं, म्हणजे पेशीतलं इंधन वापरून हालचाल करणारी प्रथिनं, चेतापेशीत माल वाहतात असं नेहमी सांगतात, आणि ते बरोबरच आहे. १९८५ साली स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूतून, म्हणजे अ‍ॅक्सॉनमधून कायनेसिन हे मोटर प्रथिन हाती लागलं, तेही या वाहतुकीचाच माग काढताना. एटीपी या पेशीच्या इंधनाच्या एका रेणूमागे ८ नॅनोमीटरचं एक पाऊल! मीटरभर अ‍ॅक्सॉनसाठी साडेबारा कोटी पावलं झाली. (अर्थात एकच रेणू सगळी वाट चालत नाही, वाटेत काही गळतात, नवे जोडले जातात.)

पण मला त्याहून विलक्षण वाटतं ते त्यांचं दुसरं काम. फळमाशीच्या कोवळ्या चेतापेशींत असं दिसलं, की कायनेसिन एका सूक्ष्मनलिकेला (पेशीतली प्रथिनांची बारीक नळी, जिच्यावरून ते चालतं) धरून दुसरीलाच पुढे सरकवतं. म्हणजे ज्या रुळांवरून चालायचं, तेच रूळ ढकलायचे! अ‍ॅक्सॉनच्या वाढीला सुरुवातीचा रेटा यातून मिळतो. तिकडे वाढत्या टोकाशी मायोसिन हे आणखी एक मोटर प्रथिन अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं सतत मागे ओढत असतं. ते जाळं बाहेरच्या पृष्ठभागाशी घट्ट जोडलं गेलं, की मागे जाणारा ओघ मंदावतो आणि टोक पुढे सरकतं. कायनेसिनचाच एक प्रकार, कायनेसिन-५, मात्र ब्रेकसारखं वागतं. ते रोखलं तर अ‍ॅक्सॉन जास्त लांब वाढतात.

आणि अख्खी पेशी जागा बदलते तेव्हा? गर्भाच्या मेंदूत डायनीन हे मोटर प्रथिन केंद्रकाला पुढे खेचून नेतं. त्याला साथ देणाऱ्या एलआयएस-१ जनुकाची एक प्रत जरी बिघडली, तरी पेशी ठरलेल्या थरापर्यंत नीट पोचत नाहीत आणि मेंदूवर नेहमीच्या वळ्या पडत नाहीत. यालाच लिसेन्सेफली म्हणतात.