'सर्व्हंट लीडर'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका: चाकणच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरांसाठी प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करतेय. 'सर्व्हंट लीडर', म्हणजे हाताखालच्या माणसांची सेवा करत पुढारपण करणारा, पानोपानी आहे. मी 'सेवकनेता' लिहिलं. तिथून फोन आला, "मॅडम, यात युनियन कुठून आली?" मला आधी कळेचना. दुसरं काही सुचतंय का?

पोथीनिष्ठ: समासाचा घोळ आहे. तुम्हाला कर्मधारय हवाय, सेवक हाच नेता. त्यांनी षष्ठी तत्पुरुष वाचला, सेवकांचा नेता. त्यांचं काही चुकलं नाही. कुठल्याही सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल उघडा, 'सेवक वर्ग' म्हणजे कर्मचारीच. 'सेवाव्रती नेता' करा, प्रश्न मिटला.

शिफ्टवाला: सेवाव्रती म्हटलं की खादी आणि शबनम डोळ्यांपुढे येते. तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला हे व्रत झेपायचं नाही. 'सर्व्हंट लीडर'च ठेवा की! लाइन लीडर, टीम लीडर सगळे बोलतातच.

पोथीनिष्ठ: देवनागरीत छापलं की मराठी झालं, हे सोयीचं आहे.

शिफ्टवाला: 'टेबल' कसं झालं मग?

स्टँडअपग्रस्त: आयटीत हे बिरुद स्क्रम मास्टरला असायचं. स्क्रम ही छोट्या टीमची काम करायची पद्धत, ती नीट चालते का हे बघणारा तो स्क्रम मास्टर. या पद्धतीच्या नियमपुस्तिकेतून, म्हणजे स्क्रम गाइडमधून, 2020 साली ते गेलं, आता 'सेवा करणारे खरे नेते' अशा अर्थाचं वाक्य आहे. पण तोवर आमच्याकडे स्क्रम मास्टर म्हणजे मीटिंगची खोली बुक करणारा, हा समज पक्का झाला होता. जोडशब्दातला 'सेवक' तेवढा लोकांनी उचलला.

मेघना_क: मुळात काय आहे ते बघा ना. रॉबर्ट ग्रीनलीफचा 1970 चा निबंध. हा कुणी साधुसंत नव्हे, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत हयात घालवलेला माणूस. त्याची कसोटी अशी, की हाताखालची माणसं वाढतात का? शहाणी होतात का, मोकळेपणी आपले निर्णय आपण घेतात का? चहा कोण कुणाला देतो, याच्याशी संबंध नाही.

शिफ्टवाला: चहाचं बरं काढलंत. आमचे एक साहेब दसऱ्याला स्वतः ट्रे घेऊन फिरायचे. "मी तुमचा सेवक." फोटो नोटीस बोर्डावर. डाय बदलायला क्रेन मागितली की तीन सह्या, रजेला चार. त्यांच्यानंतर आले ते तोंडाने फाटके, कुणाशी गोड बोलले नाहीत. पण पाळी सुरू व्हायच्या आधी येऊन "काय अडलंय?" एवढंच विचारायचे आणि दुपारपर्यंत ते सुटलेलं असायचं. वेल्डिंगच्या पोरांना त्यांनीच ड्रॉइंग वाचायला शिकवलं. त्यातले दोघे आज सुपरवायझर आहेत. यांना सेवक म्हटलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

मेघना_क: मग 'पाठीराखा'?

अनुवादिका: आवडला. पण पाठीराखा मागे उभा असतो. पुढे कोण चालणार?

जुनापुराणा: 'सेवक' शब्द उगाच बदनाम झाला. गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा या शब्दाला वजन होतं. आता बघा, नगरसेवकाच्या दारात रांग आणि शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर. शब्द एकच. ग्रामसेवकांचं पदनाम तर 2024 मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं. सेवकाचा अधिकारी झाला की बढती, आणि तुम्ही अधिकाऱ्याला सेवक करायला निघालात!

पोथीनिष्ठ: 'सेव्' धातूत चाकरी एवढंच नाही. जवळ राहणं, आश्रय घेणं, उपभोगणं हेही आहे. औषध सेवन त्यातलंच.

शिफ्टवाला: मग नगरसेवक बरोबर आहे. नगराचं सेवन.

पोथीनिष्ठ: थट्टा सोडा. आपल्याकडे तयार शब्द आहे, धुरीण. धुर् म्हणजे जू. धुरीण म्हणजे जुवाखाली मान देणारा, आणि त्याच शब्दाचा अर्थ अग्रणी. ओझं वाहील तो पुढारी. ग्रीनलीफला निबंध लिहावा लागला, आपलं एका शब्दात भागतं.

अनुवादिका: व्युत्पत्ती सुंदर आहे. पण 'समाजधुरीण' आता फक्त श्रद्धांजलीच्या जाहिरातीत भेटतो. सुपरवायझरला धुरीण म्हटलं तर तो घरी फोन करून खुशाली कळवेल.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्या इकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. 'त्यानं धुरा सांभाळला' म्हटलं तर लोक विचारतील, मोजणी आली होती का? अर्धे कोर्टकज्जे धुऱ्याचेच.

पोथीनिष्ठ: तो धुरा पुल्लिंगी. पक्षाची किंवा घराची सांभाळतात ती धुरा स्त्रीलिंगी. दोन वेगळे शब्द आहेत.

वऱ्हाडी_ठेचा: वेगळे कशावरून? जू बैलाच्या मानेवर आडवं, बांध दोन वावरांमध्ये आडवा. मला तर एकच वाटतो.

पोथीनिष्ठ: वाटण्यावर व्युत्पत्ती चालत नाही.

अनुवादिका: मंडळी, पुस्तिका सोमवारी छपाईला जातेय. 'अडचण सोडवणारा साहेब' असं सरळ लिहिलं तर?

जुनापुराणा: साहेब नको. ते असो. धुरेवर, म्हणजे बैलगाडीच्या पुढच्या भागावर, बसून गाडी हाकतो तो धुरकरी, हे मात्र कुणी बोललंच नाही. कोशात आहे. पण आमच्या साताऱ्याकडे मी कधी ऐकला नाही. आम्ही गाडीवान म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा: गाडीवान बाजाराला जातो. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकतो तो धुरकरीच. या एकदा पाहायला.

जुनापुराणा: शर्यती आमच्याकडेही होतात बरं का.