मदत हवी आहे: मंगळवारी दूतावासाचे लोक भावाला तुरुंगात भेटणार, त्यांच्यापर्यंत निरोप कसा पोचवू?

कृष्णाकाठ (शुक्रवार, रात्री ११:४०)
घाईत लिहितेय, चुकांकडे दुर्लक्ष करा. मंगळवारी दूतावासाचे लोक माझ्या भावाला बघायला तुरुंगात जाणार आहेत. मागच्या खेपेला आले तेव्हा तो "सगळं ठीक आहे" एवढंच बोलला आणि तेवढंच ते लिहून घेऊन गेले. ठीक काहीही नाहीये. बुधवारी मी मुलाखतीला गेले होते. काचेपलीकडे बसला होता, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने शर्टाची बाही ओढून धरलेली. दोनदा ओरडले तेव्हा वर केली. दंडावर लिंबाएवढी गाठ, लालबुंद. इन्सुलिन रोज तिथेच टोचतात. हे मंगळवारच्या आत दूतावासाला कळायला हवं. फोन केला तर म्हणाले नातेवाइकांशी बोलत नाही. कोणाला लिहू? कृपया राजकारण नको.

रानवारा (११:५८)
भाऊ कुठल्या देशात आहे? परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, तिथे तक्रार नोंदवा. माझा आतेभाऊ आखातात अडकला होता तेव्हा आम्ही तिथूनच पाठपुरावा केला. नंबर मिळतो तो जपून ठेवा.

कृष्णाकाठ (शनिवार, १२:०५)
भाऊ महाराष्ट्रातच आहे. दूतावास त्यांचा आहे.

वकिलीण (१२:२०)
ताई, "त्यांचा" म्हणजे कोणाचा? भाऊ भारतीय नागरिक आहे की परकीय? प्रत्यार्पण होऊन आला, हद्दपार होऊन आला, की तिकडची शिक्षा इथे भोगायला आणलाय? न्यायबंदी (खटला बाकी असलेला) आहे की सिद्धदोष (शिक्षा झालेला)? हे कळल्याशिवाय सांगितलेलं काहीही चुकीचं ठरेल.

आबा_वाईकर (सकाळी ६:१५)
उत्तर सोपं आहे. व्हिएन्ना कराराचं कलम ३६ वाचा. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात हेगच्या न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला त्याच कलमावर निकाल दिला. दूतावासाच्या माणसाला कैद्याशी बोलण्याचा, पत्रव्यवहाराचा हक्क आहे. अधीक्षकांसमोर ते कलम ठेवा.

कृष्णाकाठ (७:०२)
भारतीय पासपोर्टच आहे. नऊ वर्षं युरोपात होता, देशाचं नाव वकिलांनी लिहू नको सांगितलंय. आर्थिक फसवणुकीचा गुन्हा. गेल्या वर्षी तिथल्या कोर्टाने इकडे पाठवलं, केस अजून उभी राहायची आहे. निकालात लिहिलंय की त्यांची माणसं दर तीन महिन्यांनी येऊन बघतील. असंच असतं ना सगळ्यांचं?

वकिलीण (७:४०)
नाही ताई, तुम्ही शेवटच्या दोन ओळींत लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आबा, कलम ३६ इथे लागू नाही. ते आपल्या नागरिकाला परक्या देशात अटक झाली तर त्याच्यासाठी आहे. जाधव भारतीय आणि तुरुंग पाकिस्तानचा, म्हणून भारत हेगला जाऊ शकला. इथे माणूस भारतीय, तुरुंगही भारतातला. त्याला भेटायचा परक्या दूतावासाला एरवी काडीचाही हक्क नाही. त्यांना आत जाता येतं ते फक्त भारत सरकारने प्रत्यार्पणाच्या वेळी दिलेल्या लेखी हमीमुळे. त्यामुळे ताई, हमीचं पत्र आणि निकालाची प्रत हाच तुमचा कागद. भेटीत खासगीत बोलू देण्याचा शब्द आहे का, वैद्यकीय बाबीचा उल्लेख आहे का, ते बघा. तिकडे ज्या वकिलाने केस लढवली त्याच्याकडे प्रत असणारच. दूतावास नातेवाइकांना दारात उभं करणार नाही, पण त्या वकिलाचं पत्र त्यांना घ्यावंच लागेल. आज शनिवार असला तरी त्याला ईमेल आजच टाका.

माहितीचा_हक्क (८:३०)
माहिती अधिकार वापरा. कलम ७(१) प्रमाणे जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. मी आजवर अनेक अर्ज केलेत. वैद्यकीय नोंदवही मागा, दूतावासाच्या भेटीची नोंद मागा.

वकिलीण (८:४१)
४८ तास कागदावर. पुढे अपील, मग आयोग. मंगळवार त्याआधी उजाडतो.

माहितीचा_हक्क (८:५०)
वकिलांना माहिती अधिकार नेहमीच खुपतो. अर्ज पडला की यंत्रणा हलते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मलमपट्टी (९:२५)
मी वीस वर्षं नर्स होते. तुमचं भांडण बाजूला ठेवा. ताई, गाठ हाताला गरम लागते का? ताप आहे का? रोज एकाच जागी टोचलं तर नुसती गाठ होते, दुखत नाही. पण लाल आणि गरम असेल तर आत पू असू शकतो, आणि साखरेच्या माणसाला ते अंगावर काढून चालत नाही. मंगळवारची वाट बघू नका. इन्सुलिन कुठे ठेवतात तेही विचारा. या दिवसांत बाटली उघड्या कपाटात राहिली तर तिचा जोर उतरतो.

कृष्णाकाठ (९:५०)
ताप होता म्हणाला. बाटली कपाटात असते असंच तो सांगतो. सकाळचं जेवण नऊला आणि इंजेक्शन अकराला. मी काय करू?

वकिलीण (१०:०५)
मग आधी दूतावास नाही, आधी कोर्ट. न्यायबंदी कोर्टाच्या ताब्यात असतो. सोमवारी सकाळी साडेदहाला इथल्या वकिलांनी अर्ज द्यायचा: सरकारी रुग्णालयात तपासणी, तुरुंगाकडून वैद्यकीय अहवाल, इन्सुलिन थंड जागी ठेवण्याचा आदेश. अर्जाला शिक्का बसला की त्याची प्रत मंगळवारी दूतावासाच्या माणसाच्या हातात पडेल अशी व्यवस्था करा. अधीक्षकांना मात्र आजच अर्ज द्या, पोच घ्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.

उत्तरेचा_वारा (११:३०)
स्टॉकहोमहून लिहितोय. इथला एक जुना प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नाच्या मुळाशी तोच आहे. १८ डिसेंबर २००१ ला स्वीडनने अहमद अगीझा आणि महंमद अल्झेरी या दोन इजिप्शियनांना ब्रोमा विमानतळावरून कैरोला पाठवलं. छळ होणार नाही अशी लेखी हमी घेतलेली होती आणि राजदूत तुरुंगात जाऊन बघणार होते. ते पहिल्यांदा गेले २३ जानेवारीला. मधले पाच आठवडे कोणीही नाही! भेटीच्या वेळी तुरुंगाचे अधिकारी समोर बसलेले. तरीही अगीझाने आपल्याला मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. स्वीडनने त्या अहवालातला नेमका तो भाग जाहीर केला नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २००५ मध्ये स्वीडनला दोषी धरलं, आणि २००८ मध्ये दोघांना प्रत्येकी ३० लाख क्रोनर भरपाई मिळाली.
तिकडे बिचारा राजदूत खोटं लिहीत नव्हता. त्याला जेवढं दिसलं तेवढंच तो लिहीत होता, आणि दाखवणारे वेगळे होते. म्हणून ताई, "ठीक आहे" हे शब्द कोणाच्या देखत बोलले गेले हे त्यांना नक्की कळवा.

आबा_वाईकर (दुपारी १२:१०)
मग या हम्यांचा उपयोग शून्य!

उत्तरेचा_वारा (१२:३५)
शून्य नाही म्हणता येत. ब्रिटनने ७ जुलै २०१३ ला अबू कताडा या कट्टर धर्मोपदेशकाला खटल्यासाठी जॉर्डनला पाठवलं, तेव्हा देखरेखीचं काम दूतावासावर न ठेवता तिथल्याच अदाला सेंटर या संस्थेकडे दिलं होतं. २०१४ मध्ये तो दोन्ही खटल्यांतून सुटला.

करदाता (१:१५)
आपल्या तुरुंगात परक्यांनी येऊन वह्या का तपासायच्या? अबू सालेमच्या वेळीही पोर्तुगालपुढे आपण वाकलो.

वकिलीण (१:४०)
वाकलो नाही, शब्द दिला. १७ डिसेंबर २००२ ला तेव्हाचे उपपंतप्रधान अडवाणी यांनी लिहून दिलं की फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. त्यावर नोव्हेंबर २००५ मध्ये तो इथे आला, बॉम्बस्फोटाच्या खटल्याला उभा राहिला, शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ ला केंद्राला त्या शब्दाची आठवण करून दिली. शब्द पाळला नाही तर पुढचा आरोपी कुठलाच देश आपल्या हवाली करणार नाही. मल्ल्याच्या केसमध्ये लंडनच्या कोर्टाने ऑर्थर रोडच्या बराक १२ ची चित्रफीत उगाच नाही मागवली.

करदाता (१:५५)
माझा राग त्या ताईंच्या भावावर नाही. दंडाची गाठ वाचून मलाही वाईट वाटलं. पण आपल्या तुरुंगातल्या बाकीच्या साखरवाल्यांना कोण बघायला येतं?

मलमपट्टी (२:१०)
हा प्रश्न बरोबर आहे. त्यांना कोणी येत नाही.

रानवारा (२:३०)
ताई, एक सुचतं. भाऊ नऊ वर्षं तिकडे होता म्हणजे त्याला तिथली भाषा येत असणार. मागच्या वेळी तो कुठल्या भाषेत बोलला?

कृष्णाकाठ (२:४४)
मराठीत. त्यांनी दुभाषा आणला होता आणि जेलर शेजारी उभे होते. त्याला ती भाषा आपल्यासारखी येते. हे मला सुचलंच नाही.

रानवारा (२:५०)
मग या खेपेला त्यांच्याच भाषेत बोलू दे. जाधवांच्या आई २५ डिसेंबर २०१७ ला काचेपलीकडून मुलाला भेटल्या तेव्हा त्यांना मराठीत बोलू दिलं नव्हतं. ऐकणाऱ्याला कळणार नाही ही भीती पाकिस्तानी अधिकाऱ्यांना होती. तुमच्याकडे तीच गोष्ट उपयोगाची आहे.

वकिलीण (३:०५)
अगदी बरोबर. तिकडच्या वकिलाच्या पत्रात एक ओळ घाला: भेट त्यांच्या भाषेत, दुभाषा नको, तुरुंगाचा माणूस दिसेल इतक्या अंतरावर पण ऐकू येणार नाही असा. १६ जुलै २०२० ला जाधवांच्या भेटीत पाकिस्तानी अधिकारी जवळच थांबले, म्हणून आपले अधिकारी निषेध नोंदवून निघून आले. दूतावासवाल्यांना ही मागणी नवी नाही.

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री ९:२०)
सगळ्यांना सांगते. अधीक्षकांकडून शनिवारीच पोच घेतली. सोमवारी अर्ज दिला, दुपारी आदेश झाला, संध्याकाळी त्याला सिव्हिलला नेलं. गळू होतं, चिरा देऊन पू काढला. मंगळवारी दोघं आले, एक बाई आणि एक तरुण मुलगा. वकिलाचं पत्र त्यांच्या फायलीत होतं. जेलर दाराशी थांबले. वीस मिनिटं तो त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलला. बाईंनी पट्टी सोडून दाखवायला सांगितली आणि मग फ्रिज कुठे आहे ते विचारलं. हे आज मुलाखतीत त्यानेच सांगितलं, बाही वर करूनच बसला होता. इंजेक्शन आता साडेआठला मिळतंय.
त्यांचा अहवाल मला मिळेल का? दूतावास पुन्हा तेच म्हणतो.

वकिलीण (९:४५)
तुम्हाला थेट नाही. तो त्यांच्या मंत्रालयाकडे जातो. तिकडच्या वकिलाने मागायचा, आणि पुढच्या भेटीची तारीखही त्याच पत्रात विचारायची.

माहितीचा_हक्क (१०:१०)
इथल्या तुरुंगाची भेटीची नोंद मात्र माहिती अधिकारात मागता येईल. मसुदा खासगी निरोपात पाठवलाय.

पाहुणा_७ (१०:३०)
तुरुंगात मनीऑर्डर पाठवायची तर कैद्याच्या नावाबरोबर आणखी काय लिहावं लागतं?

कृष्णाकाठ (१०:३८)
बंदी क्रमांक लिहा आणि पत्ता अधीक्षकांचा. माझी पहिली क्रमांकाविना परत आली होती.