बोट उमटत नाही: तुमच्या घरातले अनुभव

पडवी
परवा आईला नवा फोन घेतला. तिला गावाकडच्या भावंडांशी व्हिडिओवर बोलायचं असतं आणि जुन्याचा आवाजच गेला होता. सगळं लावून दिलं, शेवटी बोटाचा ठसा नोंदवायला बसले. अंगठा ठेव, उचल, परत ठेव. अर्ध्यापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. पाऊण तास गेला. आई काही बोलली नाही, हात उताणे करून बोटांची टोकं बघत राहिली. चाळीस वर्षं धुणंभांडी, त्यात बारा वर्षं शाळेत खिचडी शिजवायचं काम. टोकं पार गुळगुळीत झालीत. मला इतकी वर्षं ती दिसलीच नव्हती.

त्यावरून आजी आठवली. आजोबा गेल्यावर कुणीतरी कसल्याशा कागदावर तिचा अंगठा घेतला होता आणि कशावर घेतला ते तिला कळलं नव्हतं. जमिनीचा तुकडा गेला तेव्हा कळलं. नव्वदच्या दशकात गावात साक्षरता वर्ग निघाले, तेव्हा साठीला आलेली आजी कंदील घेऊन रात्री जायची. सही शिकली. पुढे कुणी शाईचा पॅड सरकवला की म्हणायची, "पेन द्या." शेवटच्या वर्षांत म्हातारपणाचे पैसे आणायला गेली, तर यंत्रावर अंगठा मागितला. ती म्हणाली, मला सही येते. ते म्हणाले, सही चालत नाही. आणि अंगठा काही उमटला नाही. तीन हेलपाटे झाले. चौथ्या वेळी ती घरातूनच निघाली नाही.

मी स्वतः दिवसातून पन्नास वेळा बोटाने फोन उघडते, सोय आहे हे मान्यच. पण ज्यांचे हात जास्त झिजले त्यांनाच ही सोय मिळत नाही, हे मनातून जात नाहीये. तुमच्याकडे काय अनुभव आहेत? उपाय असतील तर तेही लिहा.

कोथिंबीरवडी
सासूबाईंचं सेम. बोट कपाळाला नाहीतर केसांना घासायचं आणि मग ठेवायचं. लागतं. रेशनच्या रांगेतल्या बायकांनीच शिकवलं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

सोल्डरगन
कपाळाला घासण्यामागे कारण आहे. बाजूच्या बटणात असतो तो सेन्सर त्वचेचे उंचवटे आणि खाचा यांच्यातला विद्युतभाराचा बारीक फरक मोजतो. कोरड्या कातडीवर तो फरक नीट मिळत नाही, कपाळाचा तेलकटपणा मदत करतो. स्क्रीनखालचे दोन प्रकारचे: एक बोटावर उजेड पाडून फोटो घेतो, दुसरा ध्वनिलहरी सोडतो. या दुसऱ्यावर जाड काच चिकटवली असेल तर चांगली बोटंही लागत नाहीत, म्हणून ताई, आधी ती काच काढून बघा.

आणि करंगळी करून बघितली का? ती सगळ्यात कमी झिजते. एकच बोट दोन वेगळ्या जागी नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा तिरकं. अंघोळ केल्याकेल्या नको, कातडी सुरकुतलेली असते.

पडवी
करंगळी सुचलीच नव्हती! संध्याकाळी करते.

बीचा चीक
आमच्या वेंगुर्ल्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा एकदा. टरफलात तेल असतं ते कातडं जाळतं. राख लावून, खोबरेल लावून बसतात तरी बोटं काळी पडतात, सालं निघतात. आवस, म्हणजे आई, वीस वर्षं फॅक्टरीत होती. काम बंद असलं की दीड-दोन महिन्यांत रेषा थोड्या परत येतात. म्हणून आधारचं, बँकेचं काय असेल ते आम्ही त्याच दिवसांत उरकून घेतो.

शेवंती४७
हात बरे होतील तेव्हा कागदपत्रं करायची. वाचून पोटात तुटलं.

अर्धाकप
सतार वाजवतो. डाव्या हाताच्या तर्जनी-मध्यमेला तारेचे चरे पडलेत, ती बोटं कुठल्याच फोनला ओळखू येत नाहीत. अनामिका नोंदवलीय. गुरुजी म्हणायचे, चरे पडले की समजायचं हात बसला. त्यामुळे मला वाईट नाही वाटत, पण माझं पोट सही-शिक्क्यावर अवलंबून नाही हेही खरं.

डोंगरवाट
बायकोला दीड वर्षापूर्वी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू होत्या. कर्करोगावरच्या. तळहात-तळपाय लाल व्हायचे, सोलायचे, पाणी लागलं तरी आग. याला हातपाय सिंड्रोम म्हणतात, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ठसे जातात हे मात्र आमच्या डोक्यात नव्हतं. एका रात्री तिला ताप भरला, मी खाली औषध आणायला गेलेलो, ती मला फोन करू बघत होती आणि फोन उघडेना. आकडे विसरली होती, कारण वर्षभर बोटानेच उघडत होती. दार वाजवून शेजारच्या काकूंना उठवलं तिने.

पुढे वाचनात आलं की २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूरच्या एका रुग्णाची नोंद छापून आली होती. हेच औषध. अमेरिकेच्या विमानतळावर त्याचे ठसे उमटले नाहीत म्हणून त्याला काही तास बसवून ठेवलं होतं. कुणी हे औषध घेत असेल तर प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ असू द्या. आणि घरात कुणी आजारी असेल तर फोनचे आकडे कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

शेवंती४७
आता कशा आहेत वहिनी?

डोंगरवाट
बरी आहे. गोळ्या थांबल्यावर काही महिन्यांनी रेषा परत आल्या. पहिल्यांदा बोटाने फोन उघडला त्या दिवशी मला ऑफिसात फोन करून एवढंच म्हणाली, "उघडला रे."

कोथिंबीरवडी
दादा, डोळ्यात पाणी आलं. फ्रीजवर लावलं आत्ता.

कुकरमुळे राहिलेलं आता लिहिते. सासूबाईंना भांडी राखेनेच घासायची सवय होती, मग पावडर आली, मग ते हिरवे वड्यांचे साबण. त्यांचं म्हणणं राखेने बोटं फाटायची नाहीत, पावडरीने फाटतात. मला पटतं. रबरी हातमोजे आणून दिले तर म्हणतात भांडं स्वच्छ झालं की नाही ते बोटाला कळलं पाहिजे. कुणाला फाटलेल्या बोटांवर काही माहीत आहे का?

बीचा चीक
कोकमतेल. आमच्याकडे मुठेल म्हणतात, कोकमाच्या बियांचं, घट्ट मुठीएवढा गोळा असतो. रात्री पळीत थोडं वितळवून लावायचं. टाचांना तर उत्तमच.

कोथिंबीरवडी
पुण्यात खरं मिळतं का कुठे? एकदा आणलेलं ते मेणच निघालं.

बीचा चीक
मे महिन्यात गावाहून येताना आणेन, मेसेज करा.

कोयता
आमचे वडील ऊसतोड. हाताला घट्टे इतके की सुई टोचली तरी कळत नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर दहाही बोटं फिरवून होतात. रेंज नसली की दुकानदार यंत्र घेऊन पारावर जातो, त्याच्यामागं सगळी रांग. शेवटी माझ्या पोराचं बोट लागतं म्हणून त्याला न्यावं लागतं. धान्यासाठी लेकराची शाळा बुडते महिन्यातून एक दिवस, कधी दोन. आधारमध्ये डोळ्यांचीही नोंद असते असं सांगतात, पण डोळ्याचं यंत्र आमच्या गावात कधी आलं नाही. वर लेकराचे ठसे पाचव्या वर्षी द्यावे लागतात नि पंधराव्या वर्षी परत. तेही तालुक्याला जाऊन. फडावर असलो तर ती खेपही हुकते.

तापीकाठ
देशातलं पहिलं आधार आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१०. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते, पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. मी तेव्हा कॉलेजात. रस्ते झाले, दिवे लागले, आम्हाला फार अभिमान वाटला होता. कोयतादादांचं वाचून वाटलं की सुरुवातच जर कष्टकऱ्यांच्या गावातून केली तर त्यांच्या हातांचा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा होता.

मोरपंखी
एक चांगला अनुभव. बाबा ८३ वर्षांचे, पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आधी बँकेचे अठरा जिने आम्ही त्यांना खुर्चीत बसवून चढवायचो, बोट लागायचं नाही, परत दुसऱ्या दिवशी. आता जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, चेहऱ्यावरून होतं, २०२१ पासून सोय आहे. गॅलरीत बसवलं, उजेड समोरून येऊ दिला, चष्मा काढला. दुसऱ्या प्रयत्नात झालं. बाबा म्हणाले, "झालं? मग चहा टाक." ज्यांच्याकडे बोटाने अडतं त्यांनी हे नक्की करून बघा. उजेड मागून नको, एवढंच.

शेवंती४७
अठरा जिने की अठरा पायऱ्या? 😊

मोरपंखी
पायऱ्या, पायऱ्या! घाईत लिहिलं.

कंदीलपुष्प
चेहऱ्यालाही हद्द आहे. डोळ्यांची उघडझाप करा म्हणतं ना, ती सगळ्यांना करता येत नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसीची पद्धत सगळ्यांना जमेल अशी करायला सांगितलं. माझी बहीण जन्मापासून अंध आहे. बुबुळांचं यंत्र तिच्या उपयोगाचं नाही, कॅमेऱ्यासमोर चेहरा मधोमध आलाय की नाही हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. या निकालाच्या दिवशी आमच्याकडे शिरा केला होता.

दोनजणी
आमच्या जुळ्या मुली एकमेकींचा फोन चेहऱ्याने उघडतात. साध्या फोनमध्ये नुसता पुढचा कॅमेरा चेहरा बघतो, चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजत नाही, असं दुकानदार म्हणाला. महागातले उघडतात की नाही ते बघायला तो घेणं परवडत नाही. आता दोघींनी आकडे ठेवलेत. बोटांचे ठसे मात्र जुळ्यांचेही वेगळे असतात, हे त्यांना फार आवडलं.

किल्लीवाला
फ्लॅटला बोटाने उघडणारं कुलूप बसवलं. पावसाळ्यात ओल्या हाताने उघडत नाही, तोंडात पिशवी धरून बोट पुसायचं. आणि एकदा सेल संपले. आई एकटी बाहेर उभी. बहुतेक कुलपांना खालच्या बाजूला दोन टिकल्या असतात, तिथे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की तात्पुरती वीज मिळते, मग बोट नाहीतर आकडे चालतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता बॅटरी शेजाऱ्यांकडे आणि साधी किल्ली मावशीकडे ठेवलीय. किल्ली घरातच ठेवू नका.

अर्धाकप
नऊ व्होल्टची आता मिळते कुठे? पूर्वी तानपुऱ्याच्या पेटीत टाकायचो.

किल्लीवाला
इलेक्ट्रिकलच्या दुकानात. नाहीतर माईक भाड्याने देणाऱ्यांकडे हमखास.

सोल्डरगन
एक महत्त्वाचं राहिलं. आधारला जोडलेल्या खात्यातून आधार क्रमांक आणि नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात. दस्तांवरचे ठसे उचलून नकली रबरी बोटं करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेत. आकडे चोरीला गेले तर बदलता येतात, बोट बदलता येत नाही. म्हणून आधारच्या ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करा, लागेल तेव्हाच उघडा. फक्त रेशन, पेन्शनच्या आधी उघडायला विसरू नका, नाहीतर चांगला ठसाही नाकारला जाईल. पडवीताईंच्या आजीच्या कागदाचं वाचल्यापासून हेच डोक्यात होतं.

कोयता
हे ॲप घरातल्या कुणीही चालवून दिलं तर चालतं का? वडिलांकडे साधा फोन आहे.

सोल्डरगन
त्यांचा मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा, त्यावर ओटीपी येतो. साध्या फोनवरही येतो. ॲप तुमच्या फोनवर घ्या आणि ते शेजारी बसलेले असताना करा. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री असतो.

पडवी
सगळ्यांचे आभार. काच काढली, करंगळी नोंदवली. दहातून चार वेळा उघडतो. आई म्हणाली, चार वेळाचा भरवसा काय कामाचा, राहू दे.

मग मी तिला नऊ ठिपके जोडायचा नमुना दाखवला. तिने चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर तीन ते तीन ठिपक्यांचं." बोट न उचलता काढायचं म्हटल्यावर दोनदा विचार केला आणि एक वळण काढलं, मला परत सांगूनही काढता आलं नाही. दारात रोज काढते त्यातलंच काहीतरी आहे म्हणे. सकाळपासून स्वतःच उघडतेय. मामाला व्हिडिओ लावून झाला, मामीला लावून झाला.

कोथिंबीरवडी
वा!! काकूंना नमस्कार सांगा.

सोल्डरगन
फार छान. एकच, स्क्रीनवर बोटाचा माग राहतो, तिरकं धरलं की नमुना दिसतो. पदराने पुसायची सवय लावा.

पडवी
आत्ताच बघितलं, पुसूनच ठेवलाय. सांगायच्या आधीच.