असिस्टंट नसताना जलपरीचे शो करायचे तर सेफ कसं राहायचं?

निशिगंधा_पुणे
नमस्कार मंडळी, मी पुण्यात जलपरीचे शो करते, म्हणजे लहान मुलांचे वाढदिवस, रिसॉर्टच्या पूल पार्ट्या, मधूनमधून फोटोशूट. आत्तापर्यंत माझी मावसबहीण सोबत यायची. शेपटी चढवायला, पाण्यात सोडायला, मुलांना आवरायला, सगळं तीच बघायची. आता ती लग्न होऊन नाशिकला गेली आणि इकडे मे महिन्याची बुकिंगं येऊन पडलीयेत. क्लायंट एकीचे पैसे देताना कुरकुर करतात, तिथे दोघींचे कोण देणार? शेपटी सिलिकॉनची आहे, वीसेक किलोची, एकदा चढवली की चालणं बंद. पोहणं पक्कं आहे, श्वास दीड मिनिट आरामात रोखते, मोनोफिनचा (दोन्ही पायांना मिळून एकच पंख) कोर्सही केलाय. पूल बहुतेक पाच फुटी असतात आणि लाइफगार्ड आहे असं रिसॉर्टवाले सांगतात. एकटीने काम करणारं कोणी आहे का इथे? काय काळजी घेता? नुसतं "करू नकोस" म्हणू नका प्लीज, पोटापाण्याचं काम आहे हे.

तारकर्ली_डायव्हर
निशिगंधा ताई, काम करू नको असं म्हणत नाही, पण नजर ठेवणारं माणूस नसताना पाण्याखाली श्वास रोखू नको, हे मात्र स्पष्ट सांगतो. मी फ्रीडायव्हिंग करतो, म्हणजे सिलिंडरशिवाय, श्वास रोखून डुबकी, आमच्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, एक खाली तर एक वर. कारण समजून घे. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. तू शोच्या आधी पाच-सहा जोरजोरात श्वास घेतलेस तर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही, मग खाली तुला छान मोकळं वाटत राहतं आणि तेवढ्यात ऑक्सिजन घसरून शुद्ध हरपते. धडपड नाही, हातपाय मारणं नाही, आवाज नाही. आणि बघणाऱ्यांना वाटतं, वा काय स्थिर राहिलीय जलपरी! दीड मिनिट रोखता येतं हे इथे उपयोगाचं नाही कारण ते शांत पडून मोजलेलं असतं, शोमध्ये तू पूर्ण कमरेतून शेपटी मारतेस, हसतेस, बुडबुड्यांचे मुके सोडतेस. प्रत्येक बुडबुड्याबरोबर छातीतली हवा जाते, तरंगणं कमी होतं, वर यायला जास्त जोर लागतो.

पाच फूट पाण्याचा भरवसा धरू नको, बेशुद्ध माणसाला दोन फूटही पुरतं. शोमध्ये एक डुबकी २०-२५ सेकंदांच्या वर नेऊ नको, प्रेक्षकांना तेवढीही खूप वाटते. वर आल्यावर निदान दुप्पट वेळ आराम. दमलेली असताना, शोच्या शेवटी, "अजून एकदा, अजून एकदा" म्हणणाऱ्या मुलांसाठी जास्त वेळ खाली राहू नको, खरा धोका त्या शेवटच्या डुबक्यांत असतो. आणि वर आलीस म्हणजे सुटलीस असंही नाही, बरेच ब्लॅकआउट, म्हणजे शुद्ध हरपणं, पृष्ठभागावर आल्यानंतर होतात, म्हणून बडी, म्हणजे वरून नजर ठेवणारा जोडीदार, पुढची ३० सेकंद तोंडाकडे बघत राहतो.

पूलवाले काका
मी बरीच वर्षं स्विमिंग पूलवर लाइफगार्ड आहे. वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. "लाइफगार्ड आहे" या वाक्यावर जाऊ नकोस बेटा, त्याला जाऊन भेट. बऱ्याच ठिकाणी तो टॉवेल वाटणारा, क्लोरीन टाकणारा पोरगा असतो, त्याला पोहता येतं एवढंच. आणि खरा लाइफगार्ड असला तरी ४० मुलं पाण्यात असताना त्याचं लक्ष तुझ्यावर नसतं, आणि तू खाली न हलता पडलीस तर त्याला तो शोचा भागच वाटणार.

म्हणून शोच्या आधी दहा मिनिटं त्याच्याबरोबर घालव. एक खूण ठरवा, वर आल्यावर प्रत्येक वेळी तू त्याला ओकेची खूण करायची, नाही केलीस तर त्याने विचार न करता उडी मारायची. त्याला शेपटी हातात धरून दाखव, कुठे पकडायचं, कशी उतरते. उचलायचं तर काखेत हात घालून, चेहरा आधी पाण्याबाहेर, शेपटी धरून ओढायचं नाही कारण त्यात पाणी भरलेलं असतं आणि वजन भलतंच वाढतं. शेपटी काढत बसायची नाही, आधी श्वास. बुडालेल्याला तोंडाने श्वास आधी देतात, मग ३० वेळा छाती दाबणं, २ श्वास, आणि दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. हे त्याला येतं का तोंडावर विचार. राग आला तर येऊ दे.

सलोनी_दुबई
निशिगंधा, मी इथे हॉटेलच्या पूलमध्ये करते. एकटीनेच नेते सगळं, पण पाण्यात एकटी कधीच नसते, हा फरक नीट ठेव. बाहेरचं काम एकटीने होतं. चाकाची ट्रॉली घे, शेपटी तिच्यातच, आणि ती पूलच्या कडेला बसूनच चढवायची, खोलीतून चढवून उचलून न्या हा प्रकार बंद. पायांना पाण्यात पातळ केलेलं कंडिशनर लाव, सरकन जाते. आतली मोनोफिन टाचेच्या पट्ट्याने करकचून बांधलेली नको, दोन झटक्यांत पाय सुटला पाहिजे, आणि ते रिकाम्या पूलमध्ये, कोणीतरी बघत असताना, डोळे मिटून सुटेपर्यंत सराव कर. वजनाचा पट्टा लावत असशील तर एका हाताने सुटणारा.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगते, टॉयलेटला जाता येणार नाही म्हणून आपण सकाळपासून पाणी पीत नाही, आणि वर सिलिकॉनमध्ये उन्हात बसून अंग भाजतं. चक्कर तिथून सुरू होते. पाणी पी, शो ३० मिनिटांचे दोन भाग करून घे, मध्ये शेपटी काढ. डोळ्यांना नंतर सलाइन.

मुलं शेपटीला लटकतात, पाठीवर बसतात, मानेला मिठी मारतात. माझा नियम असा की मी पाण्यात असेन तोवर मुलं पायऱ्यांवर, आणि पाण्यात भेटायचं तर एका वेळी एक, सोबत आई किंवा बाबा. हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहिते.

आणि फ्लोरिडातल्या वीकी वाचीचं बघ, तिथे न्यूटन पेरीने १९४७ ला जलपऱ्यांचा शो सुरू केला, अजून चालू आहे. तिथल्या मुली पाण्याखालीच हवेच्या नळीतून श्वास घेतात. इतक्या जुन्या, रोजच्या शोलाही नुसत्या रोखलेल्या श्वासावर कोणी सोडत नाही. आपण वाढदिवसाच्या केकसाठी का सोडायचं?

इव्हेंट_अमोल
पैशाचं मी सांगतो, इव्हेंटवाला आहे. असिस्टंटचे पैसे वेगळे दाखवूच नकोस. "जलपरी शो, सेफ्टी डायव्हरसह" असा एकच रेट सांग, क्लायंटला वेगळी ओळ दिसली की तो ती कापायला बघतो. माणूस तुझ्या ओळखीचा, स्विमिंग कोच किंवा कॉलेजच्या स्विमिंग टीममधली मुलगी, एका शोपुरती. ज्याला परवडत नाही त्याला कोरडा शो दे, पूलच्या कडेला सिंहासन, गोष्ट, फोटो, फेस पेंटिंग, पाण्यात फक्त शेपटी. तो एकटीने आरामात होतो आणि लहान मुलांना खरं तर तोच जास्त आवडतो, हात लावायला मिळतो ना.

निशिगंधा_पुणे
खूप खूप आभार सगळ्यांचे. खुणेचं आणि कोरड्या शोचं डोक्यातच आलं नव्हतं. मेच्या बुकिंगवाल्यांना आज मेसेज टाकते, दोन रेट देऊन. आमच्या क्लबमधल्या एका मुलीला विचारलंय, ती हो म्हणतेय. अजून एकच, जूनमध्ये एक फोटोग्राफर मालवणला समुद्रात शूट करू म्हणतोय, फक्त तो आणि मी. तिथे कसं?

तारकर्ली_डायव्हर
जूनमध्ये? पावसाळ्यात इथला समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ, डायव्हिंगच्या होड्या बंद असतात. सरळ नाही म्हण. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ये. फोटोग्राफर कॅमेऱ्यात बघणार, तो बडी नाही, त्यामुळे तुझ्यासाठी वेगळा डायव्हर पाण्यात आणि वर होडी, यापेक्षा कमी नको. ये तेव्हा इथेच लिही, होडीवाला मी बघून देतो.