खाद्यातली एन्झाइम ‘पास’ आहेत, पण कोणासाठी?

हलशीकर
खानापूर भागातले आम्ही काही जण मका आणि सोयापेंड आणून शेडवरच कोंबडीचं खाद्य बनवतो. डीलर त्यात घालायला फायटेजची, म्हणजे धान्यातला फॉस्फरस मोकळा करणाऱ्या एन्झाइमची, पावडर देतो आणि वर ‘युरोपात पास झालंय’ म्हणून सांगतो. पास झालंय ते कोंबडीसाठी आणि तिचं मटण खाणाऱ्यासाठी. घमेल्यात कालवणाऱ्या गड्याचं काय? युरोपची अन्नसुरक्षा संस्था ईएफएसए एन्झाइमवर मत देताना बहुतेक वेळा लिहितेच, की श्वासातून गेल्यास ॲलर्जी होऊ शकते असं धरून चाला. तो कागद डीलर दाखवत नाही. माझं म्हणणं, हातानं मिसळायची सुटी पावडर विकणंच बंद व्हावं.

चिकोडी लेयर
बंद करा आणि मग डीसीपीचं, म्हणजे फॉस्फरससाठी खाद्यात घालायच्या डायकॅल्शियम फॉस्फेटचं, बिल तुम्ही भरा! धान्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. कोंबडीला, डुकराला तो नीट सोडवता येत नाही, विष्ठेतून जातो. तेच खत आपण उसाला टाकतो, तिथनं पावसात ओढ्याला. फायटेजनं हे कमी होतं. आठवड्यातनं एकदा पावडर कालवली म्हणून कुणाला दमा लागतोय काय ओ?

निपाणीची ताई
मला तर मूळ वस्तूवरच भरवसा नाही. जीन बदललेल्या बुरशीपासून काढतात म्हणे. अँटिबायोटिकचंही आधी असंच ‘सुरक्षित’ चाललं होतं, शेवटी 2019 मध्ये कोलिस्टिनवर बंदी घालावी लागली.

गुरांचा डॉक्टर, बेळगाव
ताई, दोन्ही एका पोत्यात घालू नका. कोलिस्टिन जंतू मारतं, त्यातून न दबणारे जंतू तयार होतात. एन्झाइम हे प्रथिन, बहुतेक आतड्यातच पचून जातं. बुरशीचं म्हणाल तर ट्रायकोडर्मा रीसी वगैरे वापरतात हे खरं, पण युरोपात परवानगीआधी मालात जिवंत पेशी किंवा बदललेला डीएनए उरला नाही ना, हे तपासतात. जनुकीय इजा होते का बघतात, उंदरांना 90 दिवस खाऊ घालतात. ब्रॉयलरला 35 दिवस, दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांना 42 दिवस, निदान दहापट डोस देऊन बघतात. परवानगी मिळते तीही 10 वर्षांची. खाणाऱ्याच्या बाबतीत मला काळजी वाटत नाही. हलशीकरांचा मुद्दा मात्र खरा आहे. 1960 च्या दशकाच्या शेवटी धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यांत एन्झाइमच्या धुळीनं कामगारांना दमा झाला, तेव्हा कुठे दाणेदार माल आला. खाद्य कारखान्यांतही फायटेजनं त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

चिकोडी लेयर
कारखाना वेगळा डॉक्टर, आमचं शेड उघडं असतंय.

हलशीकर
उघड्या शेडात वारं असतं, पावडर गड्याच्या तोंडावरच येते. हिशेब बघा: ग्रॅमला 5000 युनिटची (युनिट म्हणजे एन्झाइमच्या ताकदीचं माप) पावडर टनभर खाद्याला 100 ग्रॅम, म्हणजे किलोला 500 युनिट. कोंबडीच्या तोंडात पातळ झालेलं जातं, गड्यापुढं अख्खी पुडी असते. तोंडाला टॉवेल गुंडाळून बारीक धूळ थांबत नाही.

हुक्केरी वराहपालक
दाणेदार घ्या की मग. द्रव एन्झाइमचा नाद आमच्यासारख्यानं करू नये, ते खाद्याच्या दाबून पेलेट म्हणजे गोळ्या झाल्यावर फवारतात, त्याला यंत्र लागतं. कारण पेलेट 80 अंशाच्या पुढं तापते, साधं एन्झाइम तिथंच मरतं. आमचं तर मॅश, म्हणजे गोळ्या न केलेलं भरड खाद्य, दाणेदार माल आरामात चालतो.

चिकोडी लेयर
चालतो, पण महाग पडतो. कंपनीच्या बॅचवर पक्षी वाढवणाऱ्याला हे काही समजत नाही, त्याला खाद्य तयार येतंय. भुर्दंड आपल्यालाच.

गुरांचा डॉक्टर, बेळगाव
पावडरच घ्यायची तर झाकणाच्या ड्रममध्ये पाच-दहा किलो मक्याच्या भरड्यात आधी मिसळा, थोडी धूळ बसल्यावर झाकण काढा. एन-95 मास्क लावा. आधीच दमा असलेल्या माणसाला या कामावर ठेवू नका.

हलशीकर
डॉक्टर, ड्रममध्ये ओतताना पुडी तर फोडावीच लागते. बंदीची मागणी मी मागे घेत नाही.

चिकोडी लेयर
मग दाणेदारच्या दरातला फरक आपल्या सोसायटीनं सोसावा, असा ठराव आणा. सही मी पहिली करतो.